सल्ला ओपीडीत, निर्णय ओसरीवर

बाळंतपण दवाखान्यातच व्हावं, ही लढाई महाराष्ट्राने जवळजवळ जिंकली आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. मराठवाड्यात दोन पिढ्यांपूर्वी सुईण हाच गावाचा आधार होता. आज तिथेही कळा सुरू झाल्या की घरचा माणूस आधी १०२ किंवा १०८ ला फोन लावतो. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे देणारी २००५ ची जननी सुरक्षा योजना, तिथले उपचार मोफत करणारा २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आणि गावोगावच्या आशाताईंची, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांची, पायपीट या सगळ्यांचं हे फळ आहे. जन्म-मृत्यूंच्या २०१८-२० च्या सरकारी नमुना नोंदणीप्रमाणे राज्यात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ वर आले, तेव्हा देशाचा आकडा ९७ होता. या कामाचं मोल मला पुरेपूर ठाऊक आहे.

त्याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. जन्मल्यावर पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली बाळं राज्यात ५३ टक्के होती. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात ती ५७ टक्क्यांहून जास्त होती. म्हणजे दवाखान्यातली बाळंतपणं वाढली आणि पहिल्या तासातलं दूध घटलं. डॉक्टर आहेत, नर्सबाई आहेत, भिंतीवर स्तनपानाचं भलंमोठं पोस्टर आहे. त्या पोस्टरखाली बाळ कपड्यात गुंडाळून आजीच्या हाती दिलं जातं आणि आजी विचारते, "गुळाचं पाणी लावू का जिभेला?"

बाळंतपणाची जागा आपण बदलली. त्याभोवतीचं ज्ञान कुणाला द्यायचं, केव्हा द्यायचं आणि कोणी द्यायचं, हे मात्र जुन्याच सवयीवर सोडून दिलं. गर्भवतीला ओपीडीत चार सूचना केल्या की आरोग्य शिक्षण झालं, असं आपली व्यवस्था मानते. पण आपल्याकडे गर्भवतीच्या हाती फारसे निर्णय नसतात. काय खायचं, गोळी घ्यायची की नाही, बाळाला आधी काय चाटवायचं, ताप आला तर आज निघायचं की उद्या, हे सासू, आई, नवरा, कधी दीर, कधी शेजारची जाणती बाई ठरवते. त्या माणसांपर्यंत आपण पोचत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बाळंतपणाचं शिक्षण निर्णय घेणाऱ्या माणसांना, निर्णयाच्या वेळी आणि निर्णयाच्या जागी द्यायला हवं. त्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा हा औषधोपचाराचाच भाग समजायला हवा.

आधी ओपीडीचं पाहू. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते. योजना चांगलीच आहे. पण त्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. वजन, बीपी, रक्त, लघवी, पोट असं सगळं एका डॉक्टरला आणि दोन सिस्टरांना दुपारपर्यंत उरकायचं असतं. "रक्त कमी आहे, गोळ्या घे, हिरव्या भाज्या खा, पुढच्या महिन्यात ये." बाई मान हलवते, कार्ड पिशवीत घालते आणि एसटी चुकू नये म्हणून निघते.

त्या लोहाच्या गोळ्यांचं पुढे काय होतं? त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या दर १०० गर्भवतींपैकी सुमारे ४६ जणींना रक्तक्षय आढळला. गरोदरपणात निदान १८० गोळ्या आणि बाळंतपणानंतर तितक्याच, असा नियम आहे. गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात, त्यामुळे त्यांचा तुटवडा हे नेहमीचं कारण नसतं. खरी अडचण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उभी राहते. मळमळतं, शौचाला काळं होतं, पोट घट्ट बसतं. बाई घाबरते. घरात विचारते तर उत्तर मिळतं, "उष्णता पडली, बंद कर." कुणी म्हणतं, या गोळ्यांनी लेकरू काळं होतं. कुणी म्हणतं, लेकरू मोठं होईल आणि मग सिझर करावं लागेल. पाकिटं कणगीमागे किंवा पत्र्याच्या डब्यात जातात. काळी शौच म्हणजे लोह पोटात गेल्याची खूण आहे, घाबरायचं कारण नाही. गोळी रात्री जेवणानंतर थोड्या वेळाने घ्यावी, लिंबूपाण्यासोबत घेतली तर जास्त लागू पडते, चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये. हे समजावायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं ओपीडीत नसतात. आणि असली तरी ते सासूच्या कानावर गेलं नाही, तर गोळी डब्यातच राहते. पुढे बाळंतपणात रक्तस्राव झाला तर ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त नाही तिच्या हाती फार थोडा वेळ उरतो. तेव्हा तिने गोळ्या का घेतल्या नाहीत म्हणून तिलाच बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं.

आता बाळाकडे येऊ. त्याच सर्वेक्षणानुसार राज्यात हजार जन्मांमागे सुमारे २३ बाळं वर्षाच्या आत दगावत होती आणि त्यातली १६ तर पहिल्या २८ दिवसांतच जात होती. जगभर दिसून आलं आहे की या २८ दिवसांतही बहुतेक मृत्यू पहिल्या आठवड्यातले असतात. अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, जन्मताना गुदमरलेलं बाळ आणि जंतुसंसर्ग ही मोठी कारणं. साधं बाळंतपण झालं तर दवाखान्यात दोन दिवस थांबायचं असतं, पण घरची ओढ, शेतातली कामं, दवाखान्यातली गर्दी यांमुळे कित्येक जणी त्याआधीच निघतात. म्हणजे सात धोक्याच्या दिवसांपैकी पाच-सहा दिवस बाळ घरात असतं. त्या घरात त्याची खरी प्रमुख डॉक्टर असते आजी.

या आजीबद्दल आरोग्य खात्याच्या भाषेत एक तुच्छता असते. 'अंधश्रद्धा', 'अज्ञान', 'जुने गैरसमज' हे शब्द किती सहज वापरले जातात! मला ही भाषा मान्य नाही. मराठवाड्यातल्या बाळंतिणीच्या जुन्या काळजीत पुष्कळ काही शास्त्राला धरून आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे थकलेल्या पोरीला कामातून सुटका. सव्वा महिना विश्रांती. डिंक, खारीक-खोबरं, अळीव, बाळंतशेपा, वर तूप. बाळाला कुंची घालून उबेत ठेवणं, कमी वजनाच्या बाळासाठी तर ही ऊब जीव वाचवणारी. बाहेरच्या माणसाने लगेच बाळाला हात न लावणं. यातलं एकही मोडायची गरज नाही. उलट ज्या घरांत दहाव्या दिवशीच बाई कापूस वेचायला जाते, तिथे हे नसणं हाच प्रश्न आहे.

बदलायला हव्यात त्या मोजक्या गोष्टी. चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं दूध, टाकून देऊ नये. तो घट्ट, पिवळसर आणि थोडासाच असतो म्हणून बाया त्याला दूधच समजत नाहीत, पण बाळाला जंतूंशी लढण्याची ताकद त्यातूनच मिळते. पहिले दोन-तीन दिवस बाळाचं पोट इतकं लहान असतं की तेवढा चीक त्याला पुरतो. या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, तेही नेहमीचंच आहे. नेमक्या याच दिवसांत घरात भीती पसरते, "दूध उतरलं नाही, लेकरू उपाशी मरल." मग शेळीचं दूध येतं, पाण्यात कालवलेलं गाईचं दूध येतं किंवा मेडिकलमधून पावडरचा डबा येतो. बाटलीतून सहज दूध मिळालं की बाळ छातीशी ओढायचं कमी करतं. ओढणं कमी झालं की दूध खरोखरच कमी होतं आणि आजीची भीती खरी ठरते. बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, तरी डबा घरी पोचतो, कारण 'दूध पुरत नाही' या भीतीला तिसऱ्या दिवशी उत्तर द्यायला कुणी हजर नसतं. सिझर झालेल्या बाईची तर अवस्था आणखी वाईट. टाके दुखतात, कुशीवर वळता येत नाही, बाळ कसं धरायचं हे कुणी हात धरून दाखवलेलं नसतं. बाळाचं तोंड मोठं उघडून निपलसोबत भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. ही गोष्ट पोस्टर पाहून येत नाही. ज्या बाईने दहा जणींना हे शिकवलं आहे तिने शेजारी बसून दाखवलं की येते.

तसंच मध, गुळाचं पाणी, घुटी, एरंडेल हे पहिले सहा महिने नकोच. पाणीसुद्धा नको, अगदी आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यातही नको, कारण आईच्या दुधात पाणी असतंच. जन्मल्याबरोबर आंघोळ नको. निदान २४ तास थांबावं आणि बाळ कमी वजनाचं असेल तर त्याहूनही पुष्कळ अधिक. त्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी चिकटवून ठेवायचं, त्यालाच कांगारू पद्धत म्हणतात. ती आजीलाही करता येते, बापालाही. नाळेला तेल, हळद, राख काही लावायचं नाही, ती कोरडी ठेवायची. शेक द्यायचा असेल तर द्या, पण बंद खोलीत खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवू नका, त्या धुराने आई-बाळ दोघांचा जीव धोक्यात येतो. आणि बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जी चाल आहे ती सोडा, तिला नेहमीपेक्षा जास्त पाणी लागतं. बस, एवढंच. आजीच्या बाकीच्या ज्ञानाला हात न लावता हे बदलता येतं, आणि त्याचा मान राखला तर ती ऐकतेही. "तुमचं सगळं चूक" असं म्हटलं की ती ऐकणं बंद करते, जे कोणीही करील.

याहून मोठा प्रश्न धोक्याच्या खुणा ओळखण्याचा. बाळ दूध ओढत नाही, नेहमीपेक्षा सुस्त पडून आहे, हात लावला तर पोट आणि तळपाय दोन्ही गार लागतात किंवा अंग तापलं आहे, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, झटके येतात, तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा उतरला आहे. यातली एक खूण दिसली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आईचं म्हणाल तर भराभर भिजणारे कपडे, ताप, घाण वासाचा स्राव, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके. प्रत्यक्षात काय होतं? बाळ दूध ओढत नाही म्हणून आधी दृष्ट काढली जाते. पिवळं दिसतंय म्हणून सकाळच्या उन्हात धरलं जातं. रात्री गाडी मिळत नाही, नवरा पुण्याला कामावर आहे, सासरा म्हणतो उजाडू द्या. बाळाच्या बाबतीत हे आठ-दहा तास फार असतात. माता का दगावतात याचा अभ्यास करणाऱ्यांनी तीन विलंब सांगितले आहेत. निघायचं ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. दुसरा आणि तिसरा विलंब रस्ते, गाड्या, डॉक्टर, रक्तपेढ्या यांनी कमी होतो. पहिला मात्र घरातल्या माणसांना आधीच समजावून ठेवलं तरच कमी होतो.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात होते. राज्यभर संताप उसळला आणि तो योग्यच होता. औषधं, मनुष्यबळ, खाटा यांचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. मोठ्या रुग्णालयातली नवजात कक्षाची खाट ही साखळीची शेवटची कडी असते. तिथे पोचणारं बाळ किती वजनाचं जन्मलं, त्याच्या आईला गरोदरपणात काय खायला मिळालं, त्याला पहिल्या दिवशी काय पाजलं, त्याच्या आजाराची पहिली खूण कोणी कधी पाहिली, हेही प्रश्न तितक्याच जोराने विचारायला हवे होते. ते विचारले गेले नाहीत. चार-आठ दिवसांत कॅमेरे निघून गेले.

कोणी म्हणेल, शिकवण्याने खरंच एवढा फरक पडतो का? पडतो, आणि याचा जगात गाजलेला पुरावा आपल्याच राज्यातला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या बायका घरोघरी जाऊन बाळ तपासत, वजन घेत, ऊब आणि दूध यांबद्दल आई-आजीला समजावत आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करत. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष आले. ज्या गावांत हे काम चाललं तिथे नवजात मृत्युदर इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटला होता. झारखंड आणि ओडिशात 'एकजुट' संस्थेने वेगळा मार्ग धरला. बायकांच्या मासिक बैठका, त्यांत गोष्टी, चित्रं, खेळ आणि 'आपल्या गावात गेलं बाळ का गेलं' यावर मोकळी चर्चा. तोडगाही बायकांनीच काढायचा. त्या भागात तीन वर्षांत नवजात मृत्युदर ३२ टक्क्यांनी कमी झाला, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या मराठवाड्यात तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या साध्या बायकांना 'भारतवैद्य', म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणून उभं केलं. माणसं आहेत, पद्धत माहीत आहे, पुरावा आहे. बचत गट गावोगाव आहेत. नवा शोध लावायची काहीच गरज नाही.

गडचिरोलीच्या अनुभवावरूनच केंद्राने २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम आशांमार्फत देशभर सुरू केला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी मिळून सहा भेटी. कागदावर हा कार्यक्रम मला आपल्या आरोग्य व्यवस्थेतला सर्वांत शहाणा कार्यक्रम वाटतो. आता त्याची किंमत पाहा. सहाही भेटी पूर्ण झाल्यावर आशाला मिळतात २५० रुपये. एका भेटीचे ४२ रुपयेही होत नाहीत. बाळाचं वजन, ताप, श्वास, नाळ, आईचा रक्तस्राव, छातीच्या गाठी, दूध पाजण्याची पद्धत हे सगळं पाहायचं, फॉर्म भरायचा आणि वर घरातल्या चार माणसांना समजावायचं. खुरपणीला जाणाऱ्या बाईचा अर्ध्या दिवसाचा रोज याहून जास्त असतो. आशाकडे इतर सर्वेक्षणं, कार्डं, मोबाइलवरच्या नोंदी यांचा डोंगर आहे. मग भेट पाच मिनिटांची होते, कधी दारातूनच होते, कधी सहाच्या तीन होतात. दोष तिला देण्याआधी तिच्या वेळेला आपण काय मोल ठरवलं आहे ते पाहू या. शासनाने या सहा भेटींचा मोबदला निदान चौपट करावा, असं माझं ठाम मत आहे. नव्या इमारतीच्या एका मजल्याला जेवढा खर्च येतो त्याच्या मानाने ही रक्कम मोठी नाही.

पैशाइतकीच दुसरी अडचण आहे माहेर-सासरची, आणि ती मराठवाड्यात फार जाणवते. पोरीची नोंद सासरच्या उपकेंद्रात, कार्ड तिथलं, तपासण्या तिथल्या. सातव्या-आठव्या महिन्यात ती माहेरी येते. सासरच्या आशाच्या यादीतून ती नजरेआड होते आणि माहेरच्या आशाच्या यादीत तिचं नाव नसतं. माहेरच्या आशाला कळतं ते बारशाचं आमंत्रण आल्यावर, म्हणजे सर्वांत धोक्याचा आठवडा उलटल्यावर. ज्या आशाने सात महिने त्या बाईला ओळखलं ती परभणीत आणि बाळंतीण उदगीरला. या एका चालीमुळे कित्येक बाळांच्या पहिल्या दोन भेटी होतच नसतील. उपाय अवघड नाही. सातव्या महिन्याच्या तपासणीलाच सिस्टरने विचारावं, "बाळंतपणाला कुठं जाणार?" आणि तिथल्या उपकेंद्राला फोन करावा. दोन आशांनी एकमेकींशी बोलावं आणि पैसे दोघींत वाटून मिळावेत.

आपल्या रीतींमध्येच या शिक्षणाच्या जागा आहेत. सातव्या महिन्यात ओटी भरायला सासर-माहेरच्या दोन्हीकडच्या बायका एकत्र येतात. निर्णय घेणारी सगळी माणसं एका ओसरीवर बसलेली असण्याचा असा दुसरा दिवस नाही. त्या दिवशी आशा किंवा सिस्टर अर्धा तास आली आणि कोणत्या दवाखान्यात जायचं, गाडी कोणाची, रक्त द्यायला कोण, सोबत कोण राहणार, पहिल्या तासात बाळाला काय द्यायचं हे सगळ्यांसमोर ठरलं, तर ओपीडीतल्या दहा फेऱ्यांपेक्षा ते जास्त कामी येईल. पाचव्या दिवशी पाचवी पूजतात. सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते ती ही रात्र. मुस्लिम घरांत छठी असते. आजी, मावशा, आत्या सगळ्या जमलेल्या असतात. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या मधोमध हा दिवस येतो. धोक्याच्या खुणा सांगायला याहून चांगली वेळ कोणती? किनवटच्या गोंड-कोलाम पाड्यांवर, लमाण तांड्यांवर आणि शहरांतल्या मोहल्ल्यांत हे बोलणं त्यांच्या भाषेत, गोरमाटीत, दखनीत व्हायला हवं. छापील मराठीतली पत्रकं तिथे काही सांगत नाहीत.

आणि नवरे. बाळंतपण हा बायकांचा विषय म्हणून पुरुष दवाखान्याच्या पायरीवर मोबाइल पाहत बसतात. त्यांना आत बोलवा. रक्त, गाडी, पैसे, रात्री निघण्याचा निर्णय बहुतेकदा त्यांच्याच हातात असतो. ९ तारखेच्या तपासणीला एकदा तरी नवऱ्याने आलंच पाहिजे, असा आग्रह डॉक्टरांनी धरला तर लोक मानतील.

"आधी डॉक्टर द्या, सोनोग्राफी द्या, मग शिकवा," असं म्हणणारे कार्यकर्ते मला भेटतात. त्यांचा राग समजतो. बाईला झटके आले आणि ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञच नसेल, तर घरच्यांनी खुणा ओळखून काय उपयोग? पण हे दोन प्रश्न एकमेकांसमोर उभे करायचे कारण नाही. जाणतं घरच दवाखान्याला जाब विचारतं. बाळंतपणापासून औषध, जेवण आणि घरी परतायच्या गाडीपर्यंत सगळं मोफत मिळण्याचा आपला हक्क २०११ पासून आहे, हे ज्या बापाला ठाऊक आहे तो बाहेरून औषध आणायला सांगितल्यावर गप्प बसत नाही. शिक्षणाने मागणी वाढते आणि मागणीशिवाय आपल्याकडे काही हललेलं नाही.

वयाचाही प्रश्न आहे. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के आणि बीडमध्ये जवळपास ४४ टक्के बायकांची लग्नं १८ च्या आत झालेली आढळली. राज्याची सरासरी २२ च्या आसपास असताना! १७ वर्षांच्या पोरीला दिवस गेले तर घरचे कायद्याच्या भीतीने नोंदणीच टाळतात किंवा वय वाढवून सांगतात. जिला सल्ल्याची सर्वांत जास्त गरज तीच सल्ल्यापासून सर्वांत लांब राहते. बालविवाह थांबवणं हे वेगळं, मोठं काम आहे. पण जी आधीच गरवार आहे तिला तपासणीच्या खोलीत तरी पोलिसाची भीती वाटू नये, एवढी काळजी यंत्रणेने घेतली पाहिजे.

शेवटी ऊसतोडीला जाणाऱ्या बायका, ज्यांना आपलं सगळं नियोजन विसरतं. दसरा झाला की बीड, धाराशिव, जालना, परभणी, लातूरच्या कोरडवाहू गावांतून टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्यावर मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. चार-पाच महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. पहाटे तोड, रात्री-अपरात्री गाडी भरणं, डोक्यावर मोळी, एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे दंडाची कपात. बाळंतपण तळावरच होतं किंवा तिथल्या अनोळखी दवाखान्यात, आणि थोड्याच दिवसांत बाळ फडाच्या कडेला झोळीत असतं. या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाही दिसलं ते हेच की अंगावरून जाण्याचा साधा त्रास, त्यावरचे साधे उपचार, गर्भपिशवी काढण्याचे परिणाम हे त्यांना कोणी समजावून सांगितलेलंच नव्हतं. खाडा टाळायचा होता आणि कापा म्हणणारा डॉक्टर समोर होता.

या बाईला गावातली आशा नाही, तळावरची आशा तिला आपली मानत नाही, सासू गावाकडे राहिलेली, आईचा फोन लागत नाही. तिच्यासाठी ओटीभरण नाही, पाचवी झालीच तर कोपीत. म्हणून हंगामापूर्वी, दसऱ्याच्या आधीच्या महिन्यात प्रत्येक उपकेंद्राने जाणाऱ्या गरवार बायकांची यादी करावी. ही यादी मुकादमाच्या हाती मात्र पडू नये, नाहीतर उचल नाकारली जाईल या भीतीने बाया पोट लपवतील. कोणता कारखाना, कोणता तालुका, कितवा महिना एवढं तिथल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याला कळवावं. प्रत्येक टोळीतल्या एका जाणत्या बाईला निघण्याआधी दोन दिवस धोक्याच्या खुणा, दूध पाजणं आणि बाळाची ऊब शिकवावी, सोबत थर्मामीटर द्यावा आणि त्या दोन दिवसांचा रोजही द्यावा. तळावर जन्मलेल्या बाळाच्या भेटी त्या गावच्या आशाने कराव्यात आणि त्याचे पैसे तिला मिळावेत, मग बाईची नोंद कोणत्याही जिल्ह्यातली असो. कर्नाटकात जाणाऱ्यांसाठी दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी आपसात बोलावं. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो, आणि तो गाळप हंगाम सुरू होण्याआधी निघायला हवा.